दळण्यापूर्वी निवडावे

‘दगडी कोळसा’ हे नाव ज्या कोणी प्रथम रूढ केले, त्याला लाकडी कोळशाहून हा पदार्थ निराळा आहे एवढेच सांगावयाचे असावे. परंतु आपल्या देशातील कोळशाच्या बाबतीत हे नाव अक्षरशः खरे ठरले आहे. विदर्भातील किंवा छत्तीसगडातील खाणींचा कोळसा जाळून पाहिला, तर शंभर भागांतून तीस ते पंचेचाळीस भाग राखच मागे राहते. ही राख म्हणजे कोळशाबरोबर खाणीतून आलेली माती आणि दगड होय. अर्थात ज्याला आपण कोळसा म्हणून विकत घेतो, आगगाडीत घालतो आणि भट्टीत लोटतो, त्याचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग मुळी कोळसाच नसतो. हा दगड कोठे, केव्हा आणि कशाच्या साह्याने वेगळा करावा, आणि विशेषतः तो पाण्यावाचून वेगळा करता येईल काय, ह्या प्रश्नाचा थोडा इतिहास वाचकांपुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

खानदेशात कोळशाची एकही खाण नाही. मग खानदेशाने ह्या विषयाची चिंता का वाहावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर नकाशात आहे. भडगाव तालुक्यातील कजगाव हे स्टेशन भुसावळ-मनमाड लोहमार्गावर आहे, आणि विदर्भातून नाशिकजवळच्या एकलहरे येथील औष्णिक विद्युत्केंद्राकडे जाणारा कोळसा ह्याच मार्गाने जातो. त्याच मार्गाच्या अलीकडच्या टोकाला, भुसावळजवळ दीपनगर येथे, १९६८ पासून वीज निर्माण होत आहे. भडगावच्या घराघरांतील दिवा आणि शेताशेतांतील विहिरीवरचा पंप ह्या कोळशाशी बांधलेला आहे. आणि कोळसा जर आपला, तर त्याबरोबर येणारा दगडही आपलाच.

मालातील केर हा प्रश्न खानदेशास नवा नाही. इ. स. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले असता लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडील कापूस मिळेनासा झाला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्याच दशकात लोहमार्ग खानदेशातून पुढे सरकला व १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. भाव चढले तशी लबाडीही चढली. गठ्ठ्यांत सरकी, पाने आणि माती मिसळावी, कापसावर पाणी मारून त्याचे वजन वाढवावे, असे प्रकार बोकाळले. ह्या सर्व कचऱ्याचे बैलगाडीचे, आगगाडीचे आणि जहाजाचे भाडे कोणी ना कोणी भरीत असे, आणि मँचेस्टरला गठ्ठा फुटला की त्याची किंमत शून्य ठरे. अखेर मुंबई सरकारने १८६३ साली कापसातील भेसळीविरुद्ध कायदा केला. पुढे कापसाच्या लागवडीचे प्रयोग करण्यासाठी सरकारने खुद्द भडगावी शेत चालविले. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेश जिल्ह्याच्या गॅझेटियरात त्याचा उल्लेख आहे. कापूस जेथे पिकतो तेथेच तो स्वच्छ झाला पाहिजे, दूर नेऊन नव्हे, हा धडा गिरणाकाठच्या मुलखाने दीडशे वर्षांपूर्वीच घेतला आहे.

कोळशाचा प्रवास ह्याच्या उलट दिशेने झाला. आरंभी रेल्वेच्या इंजिनांना इंग्लंडहून कोळसा आणावा लागे. १८७० च्या दशकात वरोरा येथे सरकारी खाण सुरू झाली, तेव्हा मध्य हिंदुस्थानास जवळचा कोळसा मिळू लागला. तो कोळसा हलका होता. त्यात राख व ओलावा बराच असे, आणि साठवून ठेवला तर तो आपोआप पेट घेई. ती खाण १९०६ साली बंद पडली. परंतु तोवर वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळशाचा माग लागला होता. १९७३ साली खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ पासून विदर्भातील खाणी नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्स ह्या कंपनीकडे आल्या. पूर्वी जमिनीखाली मजूर हाताने कोळसा फोडीत, तेव्हा दगडाचा थर दिसला की तो टाळता येई. आता बहुतेक कोळसा उघड्या खाणींतून, घरापेक्षाही मोठ्या यंत्रांच्या फावड्यांनी निघतो. फावड्याला कोळसा व दगड हा विवेक नाही. मधला थर, वरचे छत, सारे एकत्र उचलले जाते. उत्पादन वाढले त्याबरोबर मालातील दगडही वाढला.

ह्याचा हिशेब घरगुती रीतीने करून पाहू. दीपनगरला २०१२ च्या सुमारास उभे राहिलेले प्रत्येकी ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत. ते पूर्ण क्षमतेने एक दिवस चालले, तर दोन कोटी चाळीस लाख युनिट वीज होते. किलोस ३,६०० किलोकॅलरी उष्णता देणारा कोळसा धरला, तर युनिटास सुमारे दोनतृतीयांश किलो लागतो. म्हणजे दिवसाला १६,००० टन. एका मालगाडीत साधारण ४,००० टन माल मावतो, तेव्हा ह्या चार गाड्या झाल्या. कोळशात शेकडा ४० राख असेल, तर ६,४०० टन, म्हणजे चारांपैकी दीड गाडीहून अधिक, केवळ राखच आली. २०१२ पासून कोळशाचा भाव त्याच्या उष्णतेवरून ठरतो खरा. परंतु रेल्वेचे भाडे वजनावर पडते. वाघिणीत बसलेला दगड पुरे तिकीट काढून प्रवास करतो.

मग हा दगड खाणीपाशीच का काढू नये? जगाने ह्यावर शोधलेला पहिला उपाय म्हणजे पाणी. कोळसा दगडापेक्षा हलका. पाण्यात खालून हिसके दिले, किंवा पाण्यात जड भुकटी कालवून ते दाट केले, की कोळसा वर राहतो आणि दगड तळाला बसतो. ह्या रीतीने धुलाई करण्याची कला युरोपात एकोणिसाव्या शतकात पुष्कळ पुढे गेली, आणि आपल्याकडे पोलादाच्या कारखान्यांसाठी झारखंडच्या कोळसापट्ट्यात १९५० च्या दशकात अशी धुलाईकेंद्रे उभी राहिली. पाण्याची धुलाई चोख होते, ह्यात शंका नाही. पोलादाच्या भट्टीला चोख कोळसाच हवा असतो, आणि तेथे हा खर्च परवडतो.

विजेसाठी जाळावयाच्या कोळशाची गोष्ट निराळी. धुतलेला कोळसा ओला निघतो. विशेषतः त्यातील बारीक चुरा पाणी धरून ठेवतो. राख उष्णता देत नाही एवढाच तिचा मुख्य दोष. पाणी मात्र उष्णता खाते. शंभर किलो कोळशात सहा किलो पाणी अधिक गेले असे धरू. एक किलो पाणी तापवून वाफ करण्यास सुमारे ६०० किलोकॅलरी लागतात, तेव्हा सहा किलोंना ३,६०० लागल्या. म्हणजे शंभर किलोंपैकी एक किलो कोळसा बाकीच्यांचे अंग वाळविण्यातच संपला. वरील केंद्रात हाच ओलावा रोज १६० टन कोळसा गिळील.

पाण्याची बाजू ह्याहून अधिक विचार करण्यासारखी आहे. सोळा हजार टनांत शेकडा सहा म्हणजे ९६० टन, अर्थात साडेनऊ लाख लिटरांहून अधिक पाणी. ग्रामीण भागात दरडोई दिवसाला ५५ लिटर हे प्रमाण सरकारी योजनांत धरलेले आहे; त्या हिशेबाने हे सतरा हजारांहून अधिक माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. ते चंद्रपूरकडून वाघिणीत भरून खानदेशात आणावयाचे आणि येथे धुराड्यातून वाफ करून आकाशात सोडावयाचे! १९६९ मध्ये पुरे झालेल्या गिरणा धरणाचे आवर्तन केव्हा सुटते, ह्याची उन्हाळ्यात डोळ्यांत तेल घालून वाट पाहणाऱ्या भडगाव-पाचोऱ्याच्या लोकांना ह्यातील विसंगती समजावून सांगण्याची गरज नाही. विदर्भातील खाणींचा मुलूखही वैशाखात काही पाण्याने तुडुंब असतो असे नाही.

येथे पाण्यावाचून कोळसा स्वच्छ करण्याचा विचार पुढे येतो, आणि तो कोणत्याही शेतकऱ्याच्या घरास परका वाटू नये. धान्य स्वच्छ करताना आपल्या घरी तीन क्रिया होतात: खळ्यावर उफणणे, सुपात पाखडणे आणि परातीत निवडणे. तिन्हींत पाण्याचा थेंब लागत नाही. कोळशाची कोरडी यंत्रे ह्याच तीन क्रियांची मोठी रूपे आहेत. एका जातीच्या यंत्रात चाळणीवरील कोळशातून खालून ठोके देत हवा सोडतात; हलका कोळसा वर येतो आणि जड दगड खाली दबतो. ही उफणणी. दुसऱ्या जातीत तिरपा, थरथरणारा टेबल असतो आणि त्याच्या भोकांतून वारा वाहतो. कोळसा एका कडेने ओघळतो व दगड टेबलाला धरून दुसऱ्या टोकाला सरकतो. ही पाखडणी. तिसऱ्या जातीत पट्ट्यावरून जाणाऱ्या प्रत्येक खड्यावर क्ष-किरण टाकून तो कोळसा की दगड हे ओळखतात आणि दगड असल्यास हवेच्या झोताने त्याला बाजूस उडवितात. हे निवडणे. फरक एवढाच की खळ्यावर जड दाणा हवा असतो आणि हलके भूस टाकावयाचे असते. येथे हलके ते ठेवावयाचे आणि जड ते टाकावयाचे.

ही कल्पना आजकालची नव्हे. अमेरिकेत व इंग्लंडमध्ये १९२० च्या दशकातच वाऱ्याची टेबले कोळशावर चालू लागली होती. फ्रेझर व यान्सी ह्या अमेरिकन संशोधकांनी त्याच दशकात आणखी एक सुंदर युक्ती शोधली: बारीक वाळूतून खालून हवा सोडली की ती वाळू पातळ पदार्थासारखी वागू लागते, आणि मग तिच्यावर कोळसा तरंगतो व दगड बुडतो. अमेरिकेतील कोरड्या सफाईचा कळस १९६० च्या दशकात झाला. पुढे तिला उतरती कळा लागली. त्याचे एक कारण असे की, खाणीतील धुळीने मजुरांची फुप्फुसे निकामी होऊ नयेत म्हणून खाणीतच पाण्याचे फवारे मारू लागले आणि कोळसा ओला वर येऊ लागला. मजुराच्या जिवापुढे यंत्राची सोय मागे पडली, हे योग्यच झाले. पुढे चीनने ह्या विद्येला नवा जन्म दिला. त्या देशाचा पुष्कळसा कोळसा वायव्येकडील रखरखीत प्रदेशात आहे; तेथे पाणी आणावे कोठून? प्राध्यापक छेन छिंगरू ह्यांनी वाळूऐवजी लोहचुंबकीय भुकटी वापरून तीच तरंगण्याची युक्ती सुधारली, आणि १९९४ मध्ये तासाला ५० टन कोळसा साफ करणारे केंद्र चीनमध्ये उभे राहिले. थरथरत्या टेबलाची चिनी यंत्रेही पुढे देशोदेशी गेली.

एवढे सांगून थांबलो तर आम्ही कोरड्या रीतीची वकिली केली असे होईल. तेव्हा तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा निसर्गनियमाची आहे. पाण्याचे घनत्व एक धरले, तर कोळशाचे सुमारे १.४ आणि दगडाचे २.४ येते. पाण्यात बुडविल्यावर दोघांचेही एक-एक वजन पाणी उचलते, उरले ०.४ आणि १.४, म्हणजे साडेतीन पटींचा फरक. हवा पाण्याच्या सुमारे आठशेव्या हिश्शाइतकीच दाट. ती काहीच उचलीत नाही, म्हणून तेथे फरक पावणेदोन पटींच्याही आतच राहतो. त्यामुळे हवेत लहान दगड व मोठा कोळसा सारखेच वागतात आणि फसगत होते. आधी चाळून सारख्या आकाराचे खडे वेगळे केले, तरच वारा न्याय करतो. दुसरी मर्यादा ऋतूची. पावसात भिजलेला चुरा चिकटतो आणि त्यात वारा शिरत नाही. मृगापासून चार महिने छपरावाचून हे काम नीट होणार नाही. तिसरी मर्यादा धुळीची. उफणणाऱ्याच्या नाकातोंडात भूस जाते, तसे येथेही होईल. यंत्राला झाकण आणि धूळ पकडणाऱ्या पिशव्या नसतील, तर वीजकेंद्राच्या गावाचे दुखणे खाणीच्या गावाला दिल्यासारखे होईल.

चौथी मर्यादा आपल्या कोळशाच्या जन्मातच आहे. तो गोंडवन काळचा, पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीचा. पुराच्या पाण्याने वनस्पतींबरोबर गाळ वाहून आणला आणि तो तिच्या अंगाअंगात मुरला. ही आतली राख वाऱ्याने निघत नाही. पाण्यानेही सहज निघत नाही. वारा काढू शकतो तो फावड्याबरोबर आलेला सुटा दगड. परंतु तेवढ्याचेच मोल पाहा. ओलावा तूर्त सोडून, शंभर टन कोळशात ४० टन राख धरू. त्यातून दहा टन दगड निघाला आणि त्या दगडात आठ टन राख व दोन टन जळण गेले असे समजू. उरलेल्या नव्वद टनांत ३२ टन राख, म्हणजे शेकडा साडेपस्तीस. तेवढीच वीज करण्यास आता १६,००० ऐवजी सुमारे १४,९०० टन माल पुरेल आणि रोजची राख ६,४०० टनांवरून ५,३०० वर येईल. खाणीतून मात्र रोज साडेपाचशे टन अधिक कोळसा काढावा लागेल, कारण दगडाबरोबर थोडे जळण गेलेच. जमाखर्चाच्या दोन्ही बाजू अशा आहेत. आपल्या कोळशात गंधक मूळचेच कमी असते. त्यामुळे गंधकाच्या धुरावर हा फारसा उपाय नव्हे. उपाय आहे तो राखेवर.

आता सरकारी नियमांकडे वळू. सप्टेंबर १९९७ मध्ये केंद्र सरकारने असे ठरविले की, खाणीपासून १,००० किलोमीटरांहून दूर असलेल्या केंद्रांनी शेकडा ३४ पेक्षा अधिक राखेचा कोळसा वापरू नये. जानेवारी २०१४ मध्ये हे अंतर ७५० किलोमीटरांवर, आणि जून २०१६ पासून ५०० वर आणण्याचे ठरले. हिशेब केला तर मौज दिसते. विदर्भातील खाणींपासून नाशिक साडेसहाशे-सातशे किलोमीटर पडते; ते २०१६ मध्ये ह्या मर्यादेच्या कक्षेत आले. भुसावळ चारशे-साडेचारशेंच्या आसपास, म्हणून अंतराच्या हिशेबाने ते बाहेर राहिले. कजगावावरून जाणाऱ्या गाडीतला दगड नियमाला खुपला. भुसावळला उतरणारा दगड खुपला नाही. वेल्हाळे परिसरातील राखेच्या तलावाजवळ राहणाऱ्या माणसाला हे अंतराचे गणित कसे पटावे?

पुढे मे २०२० मध्ये ही मर्यादाच उठविण्यात आली. त्यामागील युक्तिवाद थोडक्यात असा: धुलाईने राख नाहीशी होत नाही, ती फक्त जागा बदलते, शिवाय धुलाईतला टाकाऊ माल इतर भट्ट्यांत जाऊन जळतो, आणि तेथील धुरावर कोणाचे लक्ष नसते, त्यापेक्षा सारी राख वीजकेंद्रात एका ठिकाणी आवरलेली बरी. त्यानंतर डिसेंबर २०२१ च्या नियमाने केंद्रांनी आपली सर्व राख उपयोगात आणावी असे बंधन घातले. राखेपासून विटा, सिमेंट व रस्ते होतात ही चांगली गोष्ट आहे, आणि वरील युक्तिवाद निव्वळ पोकळ आहे असेही आम्ही म्हणत नाही. टाकाऊ मालाचा मोह खरा आहे. त्यात पाचवा हिस्सा जळण असते, आणि त्याचे ढीग उघडे ठेवले तर ते आपोआप पेटतातही.

परंतु ह्या युक्तिवादात एक गोष्ट सुटली आहे, आणि आमच्या मते तीच मुख्य आहे. वीजकेंद्रात कोळसा तसाच जाळीत नाहीत. आधी त्याचे पिठासारखे बारीक चूर्ण करतात. म्हणजे त्यातील दगडही दळला जातो. त्याने चक्की झिजते, बॉयलरच्या नळ्या खरवडल्या जातात, दळण्याची वीज फुकट जाते, आणि अखेर तो दगड पिठाहून बारीक राख होऊन हवेत उडावयास मोकळा होतो. खाणीपाशी काढलेला दगड मूठभर आकाराचा, कोरडा आणि जड असतो. तो ज्या खड्ड्यातून आला त्याच खड्ड्यात परत घालता येतो आणि त्यावर माती लोटता येते. वस्तू एकच, परंतु दळण्यापूर्वी ती दगड आहे आणि दळल्यानंतर धूळ. दगड जेथे ठेवाल तेथे राहतो. धूळ गावभर होते, पिकांवर बसते आणि लहान मुलांच्या श्वासात जाते. राखेने केवळ जागा बदलली असे म्हणताना तिने रूपही बदलले, हे विसरून चालणार नाही.

म्हणून अंतर कितीही असो, सुटा दगड खाणीच्या तोंडाशीच, कोरड्या रीतीने, झाकलेल्या यंत्रात काढावा, आणि त्या दगडाचा हिशेब कोळशाइतकाच काटेकोर ठेवावा, असे आमचे मत आहे. किती दगड निघाला, किती खड्ड्यात गेला, किती कोणी नेला, हे रोजच्या वहीत लिहिले गेले पाहिजे. नाहीतर सफाईच्या नावाखाली केर शेजारच्या अंगणात टाकण्यासारखे होईल. वीज निर्माण करण्याच्या इतर रीती वाढत आहेत आणि त्या वाढाव्यात. परंतु जोवर कोळसा जळतो आहे तोवर तो शहाणपणाने जाळणे हे आपले काम आहे. १८६३ साली कापसातील मातीला कायद्याने अटकाव केला तो दूर देशच्या गिरणीवाल्यांच्या तक्रारीवरून. आज माल खाणारे आपण आहोत, राख झेलणारेही आपणच. तक्रार करण्यास दुसरे कोणी येणार नाही. दळण गिरणीत टाकण्यापूर्वी त्यातील खडे निवडून घ्यावेत, मागाहून पिठातून ते वेचता येत नाहीत, हे घरातील प्रत्येक आजीला ठाऊक असते. राज्यकारभारालाही ते ठाऊक असणे अवघड नसावे.